खंडेनवमीचे पूजन आणि शस्त्रकाराचा संसार

आज खंडेनवमी, उद्या विजयादशमी. खंडा म्हणजे खड्ग. त्या खड्गाच्या पूजनावरून या तिथीला हे नाव पडले. ज्यांच्या घरी तलवार होती त्यांनी तलवार पुजली, ज्यांच्या घरी नांगर होता त्यांनी नांगराचा फाळ पुजला, आणि आज आमच्या क्षेत्रातील कोणत्याही गल्लीत पाहावे तर शिवणयंत्र, तराजू, रिक्षा, संगणक या सर्वांना झेंडूची माळ आणि हळदकुंकू लाभलेले दिसते. ज्या साधनाने पोट चालते त्यापुढे वर्षातून एक दिवस हात जोडावेत, हा या सणाचा अर्थ लहान मुलालाही समजतो. परंतु ज्या हातांनी ती साधने घडविली आणि मोडली असता पुन्हा उभी केली, त्या हातांचे पोट कसे चालते, हा प्रश्न पूजेच्या पाटाभोवती सहसा कोणी विचारीत नाही. यंदा तो प्रश्न आम्हांलाच विचारण्यात आला. आणि त्याचे खरे उत्तर देणे हे आमच्यावरील एक जुने ऋण होते.

तळकोकणातील एका गावी आम्ही अनेक वर्षे कीर्तनसेवेसाठी जात आहो. यंदा श्रावणातील सप्ताहात, आरती झाल्यावर, एक तरुण आमच्या बिऱ्हाडी आला. त्याच्या आजोबांपासून त्या घरात बंदूक दुरुस्तीचा धंदा. पंचक्रोशीतील शेतकऱ्यांच्या शेतसंरक्षणाच्या बंदुका, कोणाची ठासणीची, कोणाची काडतुसाची, त्याच घराच्या पडवीत दुरुस्त होत. वडील गेल्या वर्षी निवर्तले, त्यांच्याबरोबर परवानाही सरला. मुलगा फिटरचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेला, हाताने कुशल, बोलण्यात विनम्र. तो म्हणाला, "बुवा, आईच्या पाटल्या आणि खालचा कुणगा गहाण ठेवून तीन लाख उभे करतो. पडवीतच लेथ बसवतो आणि परवान्यासाठी माझ्या नावाने अर्ज करतो. आजोबांचा धंदा पुन्हा उभा करावा असे मनात आहे. घरबसल्या एवढ्याशा धंद्यात फायदा होईल का?"

आम्ही तात्काळ उत्तर दिले नाही. कारण पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्याच्या वडिलांनी आम्हांला विचारला होता. गोव्यातील एका कारखान्यात त्यांना कायमची नोकरी मिळत होती. त्या वर्षी खंडेनवमीच्या कीर्तनात आम्ही स्वधर्माचे निरूपण मोठ्या आवेशाने केले आणि मांडवात सर्वांसमक्ष त्यांचे नाव घेऊन म्हणालो, की पिढीजात विद्या टाकून जाऊ नये. टाळ्या झाल्या. त्या गृहस्थाने नोकरी सोडून दिली आणि तो घरीच राहिला. पुढील पंचवीस वर्षे त्याने अत्यंत सचोटीने, पण सतत कर्जाच्या ओझ्याखाली, काढली. आमचे निरूपण रात्री दहाला संपले होते. त्याचा हिशेब त्याच्या घरात अजून संपलेला नाही. म्हणून यंदा आम्ही ग्रंथही उघडले आणि वहीपेन्सिल घेऊन हिशेबही मांडला. त्यातून जे निष्पन्न झाले ते येथे सांगतो, कारण असे तरुण एकाच गावी आहेत असे नव्हे.

प्रथम ग्रंथांकडे वळू. शस्त्रे घडविणाऱ्याविषयी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. प्रा. रा. प. कंगले यांनी सिद्ध केलेली आणि मुंबई विद्यापीठाने १९६० साली प्रसिद्ध केलेली संहिता आमच्यासमोर आहे. कामाचे परिमाण, मुदत, वेतन आणि निष्पत्ती ही आधी ठरवून घेऊन कारागिरांकडून शस्त्रे, कवचे व यंत्रे करवून घ्यावीत, असे तेथे सांगितले आहे. शस्त्रांची जागा वरचेवर बदलावी, त्यांना ऊन व वारा द्यावा; उष्णता, ओल आणि कीड यांनी बिघडणारी वेगळी ठेवावीत, हेही तेथेच आहे. पावसाळ्यानंतर गंजलेली नळी घेऊन पडवीत बसणारा कोकणातील कारागीर नेमके हेच काम करीत आला.

आता या प्रकरणातील एका शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. तेथे शस्त्र घडविणाऱ्यासाठी वेतन आहे. लाभाचा विचार कौटिल्य करतो तो व्यापाऱ्याच्या संदर्भात, आणि तेथेही स्वदेशी मालावर शेकडा पाच व परदेशी मालावर शेकडा दहा अशी मर्यादा घालतो. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसाचे जे वृत्तांत ग्रीक ग्रंथकार स्ट्रॅबोने उतरून ठेवले, त्यांतही चिलखते व शस्त्रे करणारे आणि जहाजे बांधणारे कारागीर राजाकडून वेतन व शिधा घेतात आणि केवळ राजासाठीच काम करतात, असे नमूद आहे. स्मृतिकारांनी तर ब्राह्मणाला आपत्काळीही ज्या वस्तूंचा विक्रय निषिद्ध सांगितला, त्यांत विषाच्या शेजारीच शस्त्राला बसविले आहे.

या सर्वांचा इत्यर्थ एकच. आमच्या पूर्वजांनी शस्त्रकाराची विद्या आदरिली, तिला देवघरात स्थान दिले, पण शस्त्र हे नफ्याचे साधन होऊ दिले नाही. कारण उघड आहे. धान्याचा व्यापारी अधिक नफ्यासाठी अधिक धान्य विकू पाहील, तर त्यात लोकांचे पोट भरेल. शस्त्रावर नफा मिळविणारा अधिक नफ्यासाठी काय इच्छील? अधिक भय आणि अधिक वैर. म्हणून या विद्येला कौशल्याचे वेतन मिळावे, लाभाची हाव तिला लागू नये, ही व्यवस्था होती. मराठेशाहीतही महादजी शिंदे यांनी कवायती फौजेसाठी आग्र्यास तोफा व बंदुका करविल्या, त्या सरकारी खर्चाने. आजही देशाच्या सैन्याची पुष्कळ शस्त्रे आयुध निर्माण्यांत होतात; १ ऑक्टोबर २०२१ पासून त्या निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तरी धनी सरकारच आहे.

येथे कोणी म्हणेल, बुवा, ही राजेमहाराजांची कथा झाली. पडवीतल्या मुलाचे काय? तर त्याचाही हिशेब मांडू. हे आकडे गृहीत आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे घालून पाहावेत. समजा, त्याच्या आटोक्यातील गावांत मिळून २०० परवानाधारक बंदुका आहेत आणि प्रत्येक बंदूक तीन वर्षांतून एकदा दुरुस्तीस येते. म्हणजे वर्षाला सुमारे ६७, महिन्याला पाच-सहा. कोणाची कमान मऊ पडलेली, कोणाचा घोडा सैल झालेला, कोणाचा लाकडी दस्ता चिरलेला, कोणाच्या नळीत गंज. प्रत्येक कामामागे सरासरी १,५०० रुपये मजुरी धरली, तर वर्षाचे एक लाख होतात. त्यातून पोलाद, लाकूड, तेल, वीज, परवान्याचे शुल्क, बंदुका कुलपात ठेवण्याची भक्कम व्यवस्था आणि तालुक्याच्या व जिल्ह्याच्या फेऱ्या वजा करा. तीन लाखांवर शेकडा दहाने व्याज धरले तरी ३०,००० रुपये तेथेच गेले. उरतात फार तर चाळीस-पन्नास हजार, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास. आणि मुद्दल अजून फिटलेलेच नाही. एवढ्यासाठी आईच्या हातातील पाटल्या आणि पोटाला भात देणारा कुणगा पणास लावायचा काय?

शिवाय हा २०० चा आकडा वाढणारा नाही. शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. निवडणूक आली की शेतकऱ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तेवढे दिवस दुरुस्तीही थांबते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. शेतात डुक्कर शिरले म्हणून परवानगीवाचून गोळी घालता येत नाही, त्यामुळे पुष्कळ बंदुका वर्षानुवर्षे खुंटीवरच राहतात. ठासणीच्या जुन्या बंदुकांचे सुटे भाग बाजारात सहज मिळत नाहीत. कानस घेऊन ते घरीच घडवावे लागतात, आणि दोन दिवस खपून केलेल्या त्या लहानशा खटक्याचे मोल गिऱ्हाइकाला पटवून देता येत नाही.

अमेरिकेत लोक घरी बसून हा धंदा करतात, मग आपण का करू नये, असेही तो मुलगा म्हणाला. त्याने ते कोठेतरी पाहिले असावे. त्या देशात नागरिकांकडील बंदुकांची संख्या लोकसंख्येहून अधिक आहे; जेथे रुग्ण एवढे तेथे वैद्यही जगणारच, जरी परवाना त्यालाही लागतोच. आपल्या देशातील कोडगू प्रांताचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. कोडवा समाजाला बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. २०१९ साली केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढविली. त्यांच्या कैलपोळ्द या सणात बंदुकांना फुले वाहून त्यांची पूजा होते, आपल्या खंडेनवमीसारखीच. जेथे घरोघरी बंदूक आहे आणि ती कुलाचाराचा भाग आहे, तेथील कारागिराचा हिशेब निराळा निघेल. आपल्या गावचा हिशेब त्या गावच्या आकड्यांवर मांडणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीवर आपली बाग लावणे होय.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. तो मुलगा उठता उठता हळूच म्हणाला, "बुवा, बाबा गेल्यावर दोनदा रात्री माणसे येऊन गेली. कागद नसलेली बंदूक होती. दहापट पैसे देतो म्हणाले. मी दार लावून घेतले." आम्ही त्याचा हात हातात घेतला. या धंद्यात नफा कोठे आहे, हे त्या एका वाक्याने सांगितले. उजेडात येणाऱ्या बंदुकीची मजुरी थोडी आहे. अंधारात येणाऱ्या बंदुकीला दहापट आहे. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाच्या दाराशी तिसऱ्यांदा तीच माणसे आली तर? दार लावून घेण्याचे बळ आज त्याच्यात आहे, कारण आज तो कोणाचे देणे लागत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की या धंद्यात कर्ज काढून उतरणे हा केवळ व्यवहाराचा प्रमाद नव्हे, ते स्वतःच्या सचोटीलाच गहाण टाकणे आहे.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बनविण्यालाच नव्हे, तर दुरुस्त करण्यालाही परवाना लागतो, आणि काम परवान्यात नमूद केलेल्या जागीच करावयाचे असते. आजोबांचा परवाना नातवाला घराच्या पत्र्यासारखा वारशाने मिळत नाही. परवान्यावाचून हे काम करणाऱ्यास पूर्वी तीन ते सात वर्षांची शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी झाली. घरात शिकाऊ म्हणून बसलेला धाकटा भाऊ आणि चहा घेऊन येणारी आई यांच्या देखत हे काम चालायचे, तर या कलमाची अक्षरे पडवीच्या भिंतीवर लिहून ठेवावीत.

बिहारमधील मुंगेरचा इतिहास या संदर्भात डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. अठराव्या शतकात बंगालचा नवाब मीर कासीम याने आपली राजधानी मुर्शिदाबादेहून तेथे हलविली आणि शस्त्रांचा कारखाना काढला. ती विद्या त्या शहराच्या हातांत उतरली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. परवानाधारक लहान कारखान्यांतून तेथे उत्तम बंदुका होऊ लागल्या. पुढे परवाने मिळणे दुर्घट झाले, मागणी ओसरली, कुशल कारागीर रिकामे बसले. आज त्या शहराचे नाव वृत्तपत्रांत येते ते पुष्कळदा बेकायदा पिस्तुले पकडल्याच्या बातमीत. तेथील कारागीर जन्मतः वाईट होते काय? मुळीच नाही. विद्या हातात होती, चुलीत विस्तव नव्हता आणि दाराशी दहापट देणारा उभा होता. ज्या समाजाला कारागिराचे वेतन देणे जमत नाही, त्याने कारागिराच्या पतनाची कीर्तने करू नयेत. हे आम्ही प्रथम स्वतःला उद्देशून म्हणत आहो.

मग आमचा त्या मुलाला सल्ला काय? विद्या टाकून दे, असे आम्ही सांगितले नाही. धंदा केवळ बंदुकीवर उभारू नकोस, एवढेच सांगितले. जो हात बंदुकीची कमान बसवितो तो पंप दुरुस्त करील, गवत कापण्याचे यंत्र चालू करील, कोयत्याला पाणी देईल, विळीला धार लावील, देवळाच्या दाराचे जुने कुलूप उघडील. कोकणात ही कामे बारमाही आहेत. त्यावर घर चालावे, आणि परवाना रीतसर मिळाल्यास बंदुकीचे काम वर्षातून साठ-सत्तर वेळा येईल ते कौशल्याचे वेतन म्हणून घ्यावे. पहिली दोन वर्षे मोठा लेथ नको. हातातील कानशी आणि लहान ड्रिल पुरे. काम वाढले असे वहीत दिसले तरच पुढचे पाऊल टाकावे.

भांडवलाची वाटही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा ही योजना सुरू केली. तिच्यातील अठरा व्यवसायांत लोहार आहे, कुलूप करणारा आहे, आणि अस्त्रकारही आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य, आणि काहीही तारण न ठेवता शेकडा पाच व्याजाने प्रथम एक लाख व ते फेडल्यावर दोन लाख रुपये कर्ज, अशी तिची रचना आहे. या योजनेत नाव नोंदले म्हणजे बंदुकीचा परवाना मिळाला, असे मात्र कोणी समजू नये. तो जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतंत्रपणेच मागावा लागतो. परंतु लोहारकामासाठी आईच्या पाटल्या गहाण टाकण्याचे कारण उरत नाही, हे खरे.

स्वधर्म या शब्दाविषयीही आम्हांला आमचे जुने निरूपण दुरुस्त केले पाहिजे. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेच्या धर्मव्याधाची कथा आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकण्यासाठी त्या व्याधाच्या दुकानी जातो. व्याध मांसविक्री करतो, स्वतः हिंसा करीत नाही, मिळकतीत समाधान मानतो आणि वृद्ध मातापित्यांची सेवा हाच आपला धर्म म्हणून दाखवितो. आम्ही पूर्वी ही कथा सांगताना दुकानावरच थांबत असू. कौशिकाला व्याधाने शेवटी घरात नेले आणि आईवडील दाखविले, तेथपर्यंत पोचत नसू. धंदा हा धर्माचा उंबरठा आहे, गाभारा घरात आहे. जो धंदा आईच्या हातातील पाटल्या काढवितो, तो पिढीजात असला तरी त्याला स्वधर्म म्हणताना दहा वेळा विचार करावा.

वाचकहो, आपलेही या बाबतीत काही कर्तव्य आहे. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांनी पावसाळा सरताच ती परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी आणि त्याची मजुरी त्याच दिवशी, घासाघीस न करता, द्यावी. कौटिल्याने मुदत चुकविणाऱ्या कारागिराचे पाव वेतन कापावयास सांगितले आणि वर दंडही सांगितला. मजुरी थकविणाऱ्या गिऱ्हाइकाने तो दंड मनातल्या मनात आपणांस लावून पाहावा. सोने लुटताना, वरातीत वा मिरवणुकीत हर्षाने हवेत बार काढू नये. इतरांचा जीव धोक्यात घालून असा बार काढल्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि आज पूजेच्या पाटावर विळी, कोयता, पाना मांडाल तेव्हा ज्याने त्यांना धार लावली त्याच्या घरीही आपट्याचे पान घेऊन जावे.

पांडवांनी अज्ञातवासात आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेवली, आणि वर्षाने उतरविली तेव्हा ती कामास आली. शस्त्राला असे झाडावर विसावता येते. शस्त्रकाराच्या चुलीला मात्र वर्षभर विसावता येत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी खंडेनवमीचे पूजन सफल झाले असे आम्ही समजू.

त्या मुलाचे पत्र गेल्या आठवड्यात आले. पाटल्या आईच्या हातातच आहेत. पडवीत पंप आणि गवत कापण्याची यंत्रे दुरुस्तीला येऊ लागली आहेत, परवान्याचा अर्ज दिला आहे, आणि यंदाच्या पूजेत आजोबांची कानस पाटावर मध्यभागी ठेवणार असल्याचे त्याने लिहिले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांना जे सांगावयास हवे होते ते आम्ही आज मुलाला सांगू शकलो. उशीर झाला, हे आम्ही जाणतो. जगदंबेने त्या घरावर कृपा ठेवावी, आणि आमच्यासारख्या बोलणाऱ्यांना बोलण्यापूर्वी हिशेब मांडण्याची बुद्धी द्यावी, हीच या पर्वणीला तिच्या चरणी प्रार्थना.